नवा गेम, जुना पीसी आणि हातातले पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा गेम येणार असला की त्याचा 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स'चा तक्ता बाहेर पडतो आणि दोन दिवसांत त्याचे दहा-बारा स्क्रीनशॉट माझ्या फोनवर येतात. सोबत पहिला प्रश्न, "माझ्यावर चालेल का?" आणि लगेच दुसरा, "नाही चालला तर किती लागतील?" मी दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी सांगलीत ओळखीच्यांना पीसी जोडून देतो. पंधरा वर्षांत एक गोष्ट वारंवार पाहिली. बहुतेकांना लागतो त्यापेक्षा जास्त खर्च होतो, आणि तो चुकीच्या पार्टवर होतो. म्हणून नेहमीची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

दादा, तक्त्यातलं 'मिनिमम' म्हणजे नेमकं काय? तेवढं असलं की पुरे ना?

गेम सुरू होईल, एवढाच त्याचा अर्थ. कसा चालेल ते तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात असतं आणि ते कुणी वाचत नाही. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: किती रेझोल्यूशन (चित्र किती बारीक ठिपक्यांचं, १०८०पी म्हणजे उभे १०८० ठिपके), सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) आणि कुठली सेटिंग. बॅटलफील्ड ६ चं मिनिमम आरटीएक्स २०६० ग्राफिक कार्ड, कोअर आय५-८४०० प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असं आहे, पण ते १०८०पीवर, लो सेटिंगला, सेकंदाला ३० फ्रेमसाठी. गोळीबाराच्या ऑनलाइन गेममध्ये ३० फ्रेमवर समोरचा दिसेपर्यंत आपण आडवे झालेलो असतो.

चौथी गोष्ट त्याहून महत्त्वाची: अपस्केलिंग (लहान चित्र काढून मोठं ताणणं) किंवा फ्रेम जनरेशन धरून आकडा दिलाय का? मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा त्याच्या 'रिकमेंडेड'मध्ये ६० फ्रेम लिहिलेले होते, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे कार्ड खरे फ्रेम त्याहून कमी काढतं आणि मधले फ्रेम हिशोबाने भरतं. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर हाताला जडपणा जाणवतो. त्याच गेमचं मिनिमम तर ७२०पीवरून १०८०पीला ताणलेल्या चित्राचं होतं.

म्हणून माझा ठोकताळा असा: गोष्टीचा, एकट्याने खेळायचा गेम असेल तर मिनिमम आणि रिकमेंडेड यांच्या मधलं मशीन पुरतं. ऑनलाइन स्पर्धेचा असेल तर रिकमेंडेड धरून चला. 'अल्ट्रा'चा रकाना झाकून ठेवा. तो आपल्यासाठी लिहिलेला नसतो.

माझ्या पीसीत काय आहे ते कसं बघायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचं नाव, रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत, डिस्क एसएसडी आहे की हार्डडिस्क, आणि ग्राफिक कार्डाची 'डेडिकेटेड मेमरी' हे सगळं दिसतं. या चार गोष्टी कागदावर लिहा आणि कागद तक्त्याशेजारी ठेवा. "माझा आय५ आहे" एवढ्यावर काहीच कळत नाही, कारण २०१२ चाही आय५ आहे आणि कालचाही आय५ आहे. पूर्ण नंबर लागतो.

प्रोसेसर, रॅम सगळं बसतंय, फक्त कार्ड जीटीएक्स १६५० आहे. सेटिंग खाली केली तर चालेल ना?

पूर्वी याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असायचं. आता गेम बघून सांगावं लागतं.

कार्ड हळू असणं आणि गेमला लागणारी सोयच कार्डात नसणं, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. हळू कार्डाला सेटिंग उतरवून सांभाळता येतं. पण डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस या दोन्ही गेमना रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढण्याचं, हार्डवेअर सक्तीचं आहे. ते बंद करायचं बटणच नाही. प्रकाश आणि सावल्यांचं कामच त्यावर बेतलेलं आहे. एनव्हिडियाच्या बाजूला ही सोय २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून आली, एएमडीकडे २०२० च्या आरएक्स ६००० पासून. जीटीएक्स १०६० आणि १६५० मध्ये ती नाही. आणि आपल्याकडच्या किती लॅपटॉपांत १६५० बसलेलं आहे ते मी रोज बघतो. त्या मुलांना "सेटिंग कमी कर" असं सांगणं म्हणजे खोटी आशा लावणं.

१०६० वाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत मिळतील. २०१६ च्या कार्डाने नऊ वर्षं साथ दिली. ते आत्ताच टाकून देऊ नका, तुमचे आजचे गेम त्यावर चालत राहतील. पण नव्या मोठ्या गेमची वाट त्याच्या भरवशावर बघू नका.

खिशातून एक रुपयाही न काढता काही होईल का?

होईल, आणि खरेदीआधी हे सगळं करून बघाच. गेल्या वर्षी माझ्याकडे "नवा पीसी हवा" म्हणून आलेल्यांपैकी काहींना मी याच जोरावर परत पाठवलं.

पहिली गोष्ट सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. बॅटलफील्ड ६ ला ते चालू लागतं, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सकट लागतं. नाही म्हणून गेम उघडत नाही, आणि लोक समजतात पीसी जुना झाला. २०१८ नंतरच्या बहुतेक मदरबोर्डांत ही सोय असते, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्ये त्यासाठीचं साधन आहे, पण डेटाचा बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी, एफएसआर. हे एएमडीचं अपस्केलिंग आहे. त्याच्या आधीच्या आवृत्त्या एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतात, तर एनव्हिडियाच्या स्वतःच्या अपस्केलिंगला, डीएलएसएसला, आरटीएक्स कार्डच लागतं. 'क्वालिटी'वर ठेवलं तर १०८०पीला चित्र फार बिघडत नाही आणि फ्रेम लक्षात येतील इतके वाढतात. 'परफॉर्मन्स'वर १०८०पीला मात्र कडा फाटलेल्या दिसतात.

तिसरी, धूळ. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे तो गरगर फिरणार नाही. चार वर्षांची थर्मल पेस्ट बदला (हिला शे-दोनशे रुपये पडतील, तेवढी सूट द्या). उन्हाळ्यात दुपारी अडखळणारा आणि रात्री नीट चालणारा पीसी बहुतेक वेळा जुना नसतो, तापलेला असतो.

आणि गेम विकत घेण्याआधी तपासा. ब्लॅक मिथ: वुकाँग आणि मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स यांनी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) मोफत बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्या, दिलेत, ते चालवून आपले फ्रेम स्वतः बघता येतात. ज्यांचा बेंचमार्क नाही त्यांच्यासाठी स्टीमचा नियम वापरा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. हा दोन तासांचा काटा गेम उघडल्यापासून धावतो, हे लक्षात ठेवा.

फक्त ग्राफिक कार्ड बदलायचं ठरवलंय. दुकानात जाण्याआधी काय बघू?

एसएमपीएस. सगळ्यात आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.

२०११ साली मी एका मित्राच्या पीसीत नवं कार्ड बसवलं आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. वर '५०० वॅट' छापलेलं होतं. तीन आठवड्यांनी तो गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. मित्राच्या वडिलांनी ते पैसे कसे उभे केले होते ते मला माहीत होतं. तेव्हापासून एसएमपीएसचं नाव विचारल्याशिवाय मी कुणालाही कार्ड सुचवत नाही. '८० प्लस ब्रॉन्झ' (वीज कमी वाया घालवण्याची खूण) लिहिलेला, निदान पाच वर्षं वॉरंटीचा, ५५० वॅटचा एसएमपीएस मध्यम कार्डाला पुरतो आणि पुढच्या दोन पीसींनाही कामाला येतो.

मग पिना मोजा. १०६० ला सहसा सहा पिनांची वायर लागायची, आरएक्स ६६०० ला आठ पिनांची लागते. जिथे वायरच नाही, म्हणजे ऑफिसातले कंपनी पीसी, तिथे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड बसतं. ते ७० वॅटचं आहे आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. पण ते २०६० पेक्षा हळू आहे, हे आधीच समजून घ्या.

नावांच्या सापळ्यातही सापडू नका. ३०५० हे नाव ६ जीबी आणि ८ जीबी अशा दोन वेगळ्या कार्डांना आहे आणि ६ जीबीवालं फक्त मेमरीने नाही, वेगानेही कमी आहे. १०६० चंही तसंच होतं, ३ जीबीवाल्यात चिपचे काही भागच कमी होते. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त मिळतं म्हणून उचलू नका. ते मदरबोर्डाशी फक्त चार लेनने (डेटाच्या वाटांनी) बोलतं, आणि जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या (कार्डाच्या खाचेची जुनी, हळू पिढी) बोर्डावर आणखी गळपटतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आणि चांगलं आहे, पण त्याला मदरबोर्डात 'रिसायझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना बोर्ड असेल तर आधी ते आहे का बघा.

कार्डाची मेमरी किती? आज नव्याने पैसे घालत असाल तर ८ जीबीच्या खाली नको. वरचे दोन्ही रे ट्रेसिंगवाले गेम मिनिममलाच ८ जीबी मागतात.

पहिल्यापासून नवाच पीसी जोडायचाय. ६० हजार आहेत. कसे वाटायचे?

मॉनिटर धरून की सोडून, हे आधी ठरवा. घरात एचडीएमआयवाला टीव्ही असेल तर पहिलं वर्ष त्यावर काढा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावला की हाताचा आणि चित्राचा मेळ बसतो. मॉनिटरचे पैसे कार्डात घाला.

६० हजारांतला तिसरा हिस्सा, जमलं तर थोडा जास्त, ग्राफिक कार्डाला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून पाव हिस्सा. उरलेल्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट. या रकमेला एएमडीच्या एएम४ (प्रोसेसर बसतो त्या खाचेची आधीची पिढी) बोर्डावर रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० किंवा त्याच्या वरचं कार्ड ही जोडी मी अजूनही सुचवतो. नव्या एएम५ ला पुढे प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते हे खरं, पण त्याला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते आणि आजच्या भावात तिथेच पैसे संपतात. ज्यांच्याकडे आधीच बी४५० सारखा एएम४ बोर्ड आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीचा रायझन आहे त्यांनी तर नवा पीसी घेऊच नये. बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर ५६०० बसतो.

रॅम १६ जीबी, आणि शक्यतो ८-८ च्या दोन काड्या. एकच काडी असली की तिच्या आणि प्रोसेसरच्या मधला रस्ता निम्मा रुंद राहतो. दुकानदार "नंतर वाढवता येईल" म्हणून एकच काडी देतो. नंतर कुणी वाढवत नाही.

विंडोजचं लायसन्सही हिशोबात धरा. लिनक्स या मोफत सिस्टिमवर स्टीमचे बरेचसे गेम चालतात, पण बॅटलफील्ड ६ आणि व्हॅलोरंट त्यांच्या अँटी-चीटमुळे (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) चालत नाहीत.

रॅम अचानक एवढी महाग का झाली? थांबू का?

एआयच्या डेटा सेंटरांना जी मेमरी लागते ती बनवणारे कारखाने तेच आहेत जे आपली रॅम बनवतात. जगात मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. २०२५ च्या शेवटी त्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि डीडीआर५ पाठोपाठ डीडीआर४ चेही भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

थांबण्याबद्दल: हातात चालता पीसी असेल तर थांबा. नसेल तर जुनी रॅम शोधा. रॅमला फिरते भाग नसतात, ती सहसा झिजत नाही, आणि सेकंडहँड घ्यायची तर सगळ्यात कमी धोका तिच्यात आहे. जुन्या पीसीतली डीडीआर४ विकून टाकू नका, ती नव्या एएम४ बोर्डावर चालेल.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का? मायनिंगचं निघालं तर?

घ्यावं, पण डोळ्यांदेखत चालवून बघून. इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं दिवसरात्र राबवून ते कमावणं, १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि तेव्हा बाजारात ढिगाने कार्डं आली. आज हातात येणारं ३०६० किंवा ६६०० त्यातलं असू शकतं. मायनिंगचं म्हणून ते वाईटच असं नाही. चिप बहुधा ठीक असते, पंखे आणि थर्मल पॅड गेलेले असतात.

विकणाऱ्याच्या घरी जा. त्याच्याच पीसीवर फरमार्क हे कार्डाला ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं लावा, मग एखादा खराखुरा गेम अर्धा तास. पडद्यावर ठिपके, चौकोन, अचानक काळोख दिसला की उठा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. आतली चिप जुनी आणि नाव नवं अशी बनावट कार्डं ते ओळखतं. बिलाचा फोटो मागा, कार्डावरचा सीरियल नंबर त्याच्याशी जुळवा आणि त्याच कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी किती उरली ते तिथेच उभं राहून बघा. कुरिअरने मागवू नका, ॲडव्हान्स पाठवू नका, कितीही गोड बोलला तरी.

मुंबईला जात असाल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. भडकमकर मार्ग. तिथे नवं-जुनं सगळं मिळतं. एका दुकानात भाव ऐकून लगेच पैसे देऊ नका, तीन दुकानं फिरा, आणि पक्कं बिल घ्या. जीएसटी १८ टक्के आहे, म्हणून "बिल नको, स्वस्त देतो" हे ऐकायला बरं वाटतं. पण बिल नाही तर वॉरंटीचं भांडण तुम्ही हरलातच.

अजून एक वाट मला फार आवडते. कंपन्यांच्या लीजवरून परतलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क असे पीसी. आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्यानंतरचा घ्या. विंडोज ११ ला त्याखालचं चालत नाही आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. शक्यतो उभा टॉवर घ्या, चपटा डबा नको, चपट्यात फक्त कमी उंचीची कार्डं मावतात. आणि या कंपन्यांचे एसएमपीएस बहुधा त्यांच्याच मापाचे असतात, बाहेरचा सहज बसत नाही. त्यात वर सांगितलेलं ७० वॅटचं ३०५० टाकलं की ज्यांचं बजेट ६० च्या निम्म्यावर आहे त्यांच्याही घरात खेळण्याजोगा पीसी येतो. इस्लामपूरच्या एका मुलाला मी असाच जोडून दिला. तो त्यावर जीटीए ५ खेळतो, सायबरपंक मध्यम सेटिंगला खेळतो, आणि त्याच्या तोंडून मी एकदाही तक्रार ऐकलेली नाही.

पुण्याला होस्टेलवर राहणार आहे. लॅपटॉपच घ्यावा लागेल ना?

जागा आणि वारंवारचं घरी येणं-जाणं बघता बहुधा हो. पण त्याच पैशात वेग कमी मिळेल आणि पुढे कार्ड बदलता येणार नाही, हे मान्य करून घ्या. बघायचा आकडा एकच: कार्डाला किती वॅट दिलेत. आरटीएक्स ४०६० चा लॅपटॉप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसाही असू शकतो आणि डब्यावर नाव मात्र तेच. विक्रेत्याला 'टीजीपी किती' विचारा. सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरने शोधा.

नो कॉस्ट ईएमआय म्हणजे खरंच बिनव्याजी का?

नाही. व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. समजा ६० हजारांचा पीसी, १२ महिने, दरमहा ५ हजार. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के असेल तर बँकेच्या वहीत मुद्दल सुमारे ५५,४०० आणि व्याज सुमारे ४,६०० असतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साधारण ८३० रुपये, आणि तो तुम्ही भरता. वर प्रोसेसिंग फी. आणि सर्वांत मोठी गोष्ट, रोख देणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. दुकानात विचारा, "एकरकमी यूपीआयने दिले तर किती?" दोन्ही आकड्यांतला फरक हीच त्या ईएमआयची खरी किंमत.

नोकरी लागलेल्याने, दुसरे हप्ते नसताना, सहा महिन्यांचा ईएमआय घेतला तर मी अडवणार नाही. पण शिकणाऱ्या मुलाने मित्राच्या क्रेडिट कार्डावर किंवा फोनवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवरून गेमसाठी पैसे उचलू नयेत. कृपा करून नको. मी त्याचे परिणाम एका घरात जवळून पाहिलेत.

याउलट वाट जुनीच आहे. बँकेत वर्षाची आवर्ती ठेव लावा. पोस्टाची पाच वर्षांची असते, ती यासाठी लांब पडते. ओळखीच्या माणसांची भिशी असेल तर तीही चालते, आपला नंबर दसरा-दिवाळीच्या सुमाराला मागून घ्या, तेव्हा सेल असतात. दरम्यान पार्ट एकेक करून घेत बसू नका. ऑगस्टमध्ये घेतलेला मदरबोर्ड फेब्रुवारीत पहिल्यांदा चालू केला आणि बिघडलेला निघाला, तर बदलून घ्यायची मुदत गेलेली असते. पैसे साठवा, पार्ट एकदम घ्या.

या पैशात कन्सोल नाही का येणार?

येईल, आणि फक्त खेळायचंच असेल तर कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या मशीनचा, विचार जरूर करा. भारतात एक्सबॉक्स सीरिज एस ३४,९९० ला आणि डिस्कवाला पीएस५ ४९,९९० ला आला होता, आजचा भाव दुकानात विचारा. तक्ता वाचायची कटकट नाही, पुढची काही वर्षं नवा गेम त्यावर चालणार हे नक्की. पण नवा गेम चार-पाच हजारांचा पडतो, ऑनलाइन खेळायला बहुतेक गेमना वेगळी वर्गणी, आणि पीसीवर मिळतात तसे स्वस्त सेल कमी. डिस्कवाला घेतलात तर गेम संपवून विकता येतो, त्यामुळे मी डिस्कवालाच सुचवेन.

गेम १२० जीबीचा आहे. मोबाइल डेटावर उतरवू?

रोजचे २ जीबी मिळत असतील तर ६० दिवस लागतील. ५० एमबीपीएसच्या घरगुती फायबरवर साधारण साडेपाच तास. मित्राकडे फायबर आणि तोच गेम असेल तर पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर स्टीमचा बॅकअप आणा. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला असला पाहिजे, एवढंच. आणि एसएसडी ५०० जीबीची घेऊ नका. असे तीन गेम आणि विंडोज टाकलं की ती भरते.

लाइट बिल किती वाढेल?

मध्यम पीसी खेळताना मॉनिटरसकट ३०० वॅटच्या आसपास धरा. रोज तीन तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे घरचा वापर ९० युनिट असेल तर हे २७ तुम्हाला शंभराच्या वर नेतील आणि वरची युनिटं महाग पडतील. आईबाबांना हे आधीच सांगा.

बिलापेक्षा मला काळजी अर्थिंगची वाटते. गावाकडच्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग गेम. आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. त्याचं काम गेम सेव्ह करून पीसी बंद करण्याइतका वेळ देणं, तेवढंच.

आरजीबी लाइटवाले पंखे घेऊ का?

नको. ते पैसे एसएमपीएसमध्ये घाला.

मी आई आहे. मुलगा म्हणतो, अभ्यासासाठी ८० हजारांचा कॉम्प्युटर लागतो. खरं का?

ताई, अभ्यासाला ८० हजारांचा लागत नाही. कोडिंग, कॉलेजची प्रोजेक्ट्स, ऑनलाइन लेक्चर हे सगळं वर सांगितलेल्या जुन्या कंपनी पीसीवर व्यवस्थित होतं. थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग किंवा आर्किटेक्चर असेल तर मात्र ग्राफिक कार्डाची खरी गरज असते.

त्याला खेळायचं आहे, आणि ते सांगायला तो घाबरतोय. रागावू नका. त्याला म्हणा, तुला कुठला गेम खेळायचाय तो दाखव, त्याचा तक्ता दाखव. मग दोघं मिळून बघा. पुष्कळदा ८० चे ४० होतात. आणि मुलांनो, तुम्हीही "अभ्यासासाठी" म्हणून मागू नका. गेम आवडणं यात लपवण्यासारखं काही नाही. राजी हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला आणि २०२० मध्ये तो जगभर गेला. तो बनवणारेही कधीतरी अशाच कुठल्या तरी पीसीसमोर बसून खेळले असणार. (तो निन्टेन्डो स्विचसारख्या छोट्या मशीनवरही चालतो, तेव्हा आजच्या पीसीवर सुरुवात करायला चांगला आहे.)

मामा अमेरिकेतून येतोय. कार्ड तिकडून मागवू का?

तिथली किंमत आपण रुपयांत बदलतो तेव्हा त्यात तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो धरून फरक मोजा. तिथल्या बिलाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, कंपनीगणिक नियम वेगळे. फरक थोडा असेल तर इथेच घ्या. तीन वर्षांची स्थानिक वॉरंटी मला त्यापेक्षा मोलाची वाटते.

जीटीए ६ साठी आत्ताच पीसी घेऊन ठेवू का?

नको. त्याची जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आणि ती पीएस५ व एक्सबॉक्स सीरिज एक्स-एससाठी आहे. पीसीची तारीख जाहीर नाही, तक्ताही नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ ला कन्सोलवर आणि पीसीवर नोव्हेंबर २०१९ ला. म्हणजे एकदा दीड वर्ष, एकदा वर्षभर. तुमच्या हातात तेवढा वेळ असायची शक्यता मोठी आहे. आवर्ती ठेव या महिन्यात सुरू करा. पीसीचा तक्ता आला की मला पाठवा, तळाच्या बारीक अक्षरांसकट.